भावकी नसलेला भिडू

तीन यंत्रं, तीन गिऱ्हाइकं

पहिलं यंत्र पांढरं, पेटीसारखं, स्वतःचा पडदा असलेलं. दुसरं काळं, चपटं, पोथीएवढं, आणि त्याची बटणं रबराची. तिसऱ्याला बटणंच नव्हती; दोन वायरी आणि त्यांच्या टोकाला फिरवायचे दोन कान.

पणजीतल्या त्या दुकानात टेबलाच्या अलीकडे जे तिघे उभे होते ते सगळे साठी ओलांडलेले. गुरुदास मास्तर, वालावलच्या शाळेत हयात घालवून निवृत्त झालेला. धोंडू, काजूचा व्यापारी, ज्याच्या पडवीत दुपारचा खेळ चालायचा. आणि गंगाराम, एस.टी.चा जुना कंडक्टर. पैशाची पिशवी त्याच्याकडे, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात पिशवी गेली की गंगारामला झोप लागत नसे.

"नातवाला घ्यायचाय का?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"नाही. आम्हालाच खेळायला हवाय," गुरुदास म्हणाला. गावाबाहेर पडला की तो पुस्तकातलं मराठी बोलत असे.

"कुठला गेम?"

"मेंढीकोट."

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. थट्टा नव्हती.

"चौघांचा खेळ आहे," गुरुदास म्हणाला. "आम्ही तिघे आहोत."

चौथा

चौथा कुठेही गेलेला नव्हता. मेलेला तर मुळीच नव्हता. देवळाच्या तळ्याकडून वर येणाऱ्या वाटेवर धोंडूचं घर, आणि पुढे तीन घरं सोडून श्रीपादचं. धोंडूच्या पडवीत मोठ्याने शिंकलं तर श्रीपादच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ऐकू जावं, एवढंच अंतर.

गेली कित्येक वर्षं दुपारी तीनला चौघे बसायचे. गुरुदास आणि श्रीपाद समोरासमोर, भिडू. धोंडू आणि गंगाराम दुसरे भिडू. खेळ चार दश्श्यांचा: ज्याच्याकडे जास्त दश्श्या तो जिंकला. नियम एकच कडक. जो रंग पडला असेल तोच द्यायचा. हातात तो नसेल तरच दुसरं पान, आणि डावात पहिल्यांदा असं पडलेल्या पानाचा रंग हुकूम. रंग असून दिला नाही तर ते पान चोरणं, आणि पान चोरणाऱ्याला वालावलात बैल चोरणाऱ्यापेक्षा बरं मानत नाहीत.

दिवाळीनंतरची गोष्ट. गंगारामने बदाम टाकला. श्रीपादने चौकट मारली. हातात बदाम नाही म्हणून मारली असं सगळ्यांनी धरलं, चौकट हुकूम झाली, आणि बदामाची दश्शी मास्तर-श्रीपाद जोडीकडे आली. पुढे तीन हातांनी श्रीपादने बदामाची सत्ती टाकली.

धोंडूच्या लक्षात आलं नाही. गंगारामच्या लक्षात आलं नाही. गुरुदासच्या आलं. पडलेलं प्रत्येक पान त्याच्या डोक्यात हजेरीपटावर मांडल्यासारखं असायचं, आणि ह्याच एका गोष्टीचा त्याला आयुष्यात गर्व होता.

"श्रीपाद, तुज्याकडे बदाम व्हतो."

"नाय व्हतो."

"ही काय मगे सत्ती? चोरलंस तू पान."

दश्शी त्याच्याच बाजूला आली होती. समोरचे गप्प होते. पण खरं ते खरं. श्रीपाद बराच वेळ त्या सत्तीकडे बघत राहिला, डोळे बारीक करून. मग हातातली पानं पालथी ठेवली, वहाणा पायात सरकवल्या आणि गेला. विरुद्ध पार्टीने चोर म्हटलं असतं तर भांडला असता. भिडूने म्हटलं, म्हणून गेला.

तो परत आला नाही. त्याच्या जागी बसायलाही कोणी आलं नाही. वाडीतली वीस घरं, त्यांतली सतरा श्रीपादची भावकी. त्याच्या पाटावर बसणं म्हणजे त्याला चोर म्हणणाऱ्यांत सामील होणं. उरलेल्या तीन घरांत हे तिघे.

सहा महिने तीन म्हातारे त्या पडवीत चहा पीत आणि एकमेकांची तोंडं बघत बसले. मग गंगारामने पेपरात वाचलं की संगणक आता माणसाशी बुद्धिबळ खेळतो, आणि जिंकतोसुद्धा.

"बुद्धिबळ खेळता तर मेंढीकोट खेळाचा नाय?" गंगाराम म्हणाला.

गुरुदासने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि तेका भावकी नाय."

विमलाचं म्हणणं

"किती हजार?" विमलाने विचारलं.

"तिघांचे मिळून चार. धोंडूचे काजूचे, गंगारामाचे, आणि माजे फंडातले."

"आणि तेना काय येतला?"

"चौथो हात."

विमला तांदूळ निवडत होती. गुरुदासची बायको होऊन तिला चाळीस वर्षं झाली होती आणि त्यांतली निम्मी तिने दुपारी तीन ते सहा एकटीने काढली होती. पत्त्यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. "तीन घरां पलीकडे जावन 'चल रे खेळूक' म्हणूक किती पैशे पडतत?"

"मी खोटा बोललंय नाय."

"खोटा बोललात असा मी म्हणतंय? तुमी खरा बोललात. खरा बोलून चार हजाराक पडला."

अठ्ठेचाळीस

पांढऱ्या पेटीची किंमत ऐकून गंगारामने पिशवी पोटाशी धरली, आणि त्या यंत्राकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. बँका घेतात, बाई म्हणाल्या.

दोन कानांचं यंत्र स्वस्त होतं. बाईंनी ते टीव्हीला जोडून दाखवलं. पडद्यावर दोन काठ्या आणि एक ठिपका. कान फिरवला की काठी वरखाली. ठिपका इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"ह्याच्यात दुसरं काय आहे?" गुरुदासने विचारलं.

"एवढंच."

"म्हंजे बिनडोक," धोंडू म्हणाला. "गंगाराम, तुका भाऊ गावलो."

उरलं काळं. त्याचे दोन प्रकार होते. एक सोळावालं, एक अठ्ठेचाळीसवालं. दिसायला जुळे, किमतीत हजाराचा फरक.

"सोळा म्हणजे काय?"

"मेमरी. त्याच्या लक्षात किती राहतं ते."

गुरुदासच्या कपाळावर आठी पडली. पत्ते बावन्न. "अठ्ठेचाळीसवाल्यालासुद्धा चार पानं कमी पडतायत."

"सोळा पानां लक्षात ठेवणारो आमच्याकडे आसा," गंगारामने मघाचं उट्टं काढलं. "ह्यो धोंडू. तेच्यासाठी हजार कित्या घालूक होये?"

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी नीट समजावलं: सोळा म्हणजे सोळा हजारांहून जास्त अक्षरं, अठ्ठेचाळीस म्हणजे त्याच्या तिप्पट, आणि पत्त्याचं एक पान लक्षात ठेवायला त्यातलं एखादं अक्षर पुरतं. "पण नियमही त्यातच बसवायचे ना. सोळा अपुरं पडेल. तयार कॅसेटवरचे खेळही बहुतेक मोठ्यावरच चालतात."

तयार खेळ म्हणजे काय, तेही त्यांनी दाखवलं. टेपरेकॉर्डर जोडला, कॅसेट लावली. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं काहीतरी पाच मिनिटं किंचाळत राहिलं, आणि पडद्यावर एक बुटका माणूस उभा राहिला. बटण दाबलं की तो उडी मारायचा. धोंडूने तो तीनदा खड्ड्यात पाडला. चौथ्यांदा तो पलीकडे पोचला, आणि साठी ओलांडलेल्या काजूच्या व्यापाऱ्याने दुकानात आरोळी ठोकली.

"ह्याच घेवया," धोंडू म्हणाला.

"तो आमचा खेळ नव्हे," गुरुदास म्हणाला.

"आमचा खेळ येतलो तेवा येतलो. तोपर्यंत ह्यो मारूदे उडयो."

हिशेब असा बसला. अठ्ठेचाळीसवालं काळं यंत्र साडेतीन हजार. मेंढीकोट कुठल्याच कॅसेटवर मिळत नाही. तो नवा लिहावा लागेल. बाईंचा भाऊ लिहील, पाचशे रुपयांत, महिन्याभरात. चार हजार पुरे. वर परतीच्या तिकिटाचे सुटले, कारण ते गंगारामने आधीच वेगळ्या खिशात ठेवले होते.

"मला नियम सांगा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन काढलं.

जर, तर

जर समोरच्याने बदाम टाकला, तर बदाम द्यावा.

जर हातात बदाम नसेल, तर कुठलंही पान चालेल. पहिल्यांदा असं जे पान पडेल, त्याचा रंग हुकूम.

जर भिडूचं पान मोठं असेल, तर त्यावर दश्शी सोडावी.

जर भिडूचं पान मोठं नसेल, तर दश्शी लपवावी.

जर भिडू खोकला,

"हे लिहू नका," गुरुदास म्हणाला.

"लिवा, लिवा," धोंडू म्हणाला. "श्रीपाद खोकलो म्हंजे दश्शी तेच्याकडे. सगळ्या गावाक म्हायत."

"म्हणूनच ती चोरी नव्हती. पण यंत्र खोकणार कसं?"

"आवाज काढता येईल," बाई म्हणाल्या.

"खोकल्यासारखो?"

"साधारण."

तिघेही त्यावर विचार करत राहिले.

जर सगळी पानं वाटून झाली, तर यंत्राची पानं यंत्राला सांगावी.

"कोण सांगणार?" बाईंनी विचारलं. "जो बटणं दाबेल, त्याला त्याची पानं दिसणार."

हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. धोंडू म्हणाला, गंगारामने दाबावीत. गंगाराम विरुद्ध पार्टीचा, तो मास्तरच्या भिडूची पानं बघणार, ते कसं चालेल? मग गुरुदासने दाबावीत. पण स्वतःच्या भिडूची पानं बघून खेळणं म्हणजे तर उघड लबाडी. शेवटी ठरलं की वाटून झाल्यावर वाटेवरून जाणाऱ्या एखाद्या मुलाला हाक मारायची, त्याने बटणं दाबायची, आणि तेवढा वेळ तिघांनी तळ्याकडे तोंड करून बसायचं.

"आणि समजा," बाईंनी पेन थांबवलं, "रंग हातात असून कोणी दिला नाही, तर?"

पंखा फिरत होता. धोंडू आणि गंगाराम गुरुदासकडे बघू लागले.

"तर काय होईल?" गुरुदासने उलट विचारलं.

"यंत्राकडून तसं होणारच नाही. त्याला चुकताच येणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

गुरुदासने काळ्या यंत्राच्या रबरी बटणांवरून बोट फिरवलं. मऊ होती, थंड होती. असा भिडू त्याला आयुष्यभर हवा होता, असं त्याला वाटलं. आणि हे वाटताना आनंद व्हायला हवा होता तेवढा का होत नाही, ते त्याला कळेना.

"घेऊ," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात पैसे घेऊन येतो, तोवर तुमच्या भावाला विचारून ठेवा."

"पैशे आतासुद्धा आसत," गंगाराम कुजबुजला.

"गपचूप रव. टीव्हीचा काय?"

कारण ते काळं यंत्र पडद्याशिवाय आंधळं होतं. पडदा त्याचा नसतो. घरातला टीव्ही जोडायचा. म्हणूनच ते परवडत होतं.

फेरीबोटीत

मांडवीवरचा पूल आदल्या वर्षी पडला होता, त्यामुळे माणसं, स्कूटरी, माशांच्या टोपल्या, सगळं फेरीबोटीतून. तिघे कठड्याला टेकून उभे.

"टेपरेकॉर्डर माज्याकडे आसा," धोंडू म्हणाला. "पुतण्यान दुबईसून हाडलेलो."

"टेपरेकॉर्डराचा कोण इचारता? टीव्ही वाडीत कोणाकडे आसा?" गंगाराम म्हणाला.

"म्हायत आसान इचारतस कित्या?"

"सरपंचाकडे?"

"तेच्याकडे रेडिओ. तोय धक्को दिल्यार चलता."

"मगे तोच एक."

"तोच एक," धोंडू म्हणाला. "श्रीपादाच्या झिलान गणपतीक हाडलो तो. वाडीत दुसरो नाय."

श्रीपादच्या मुंबईच्या मुलाचा विषय निघाल्यापासून गुरुदास पाण्याकडे बघत होता.

"नवो टीव्ही घेवया," तो म्हणाला.

"घे. मी गंगारामाची पिशवी धरतंय, तू पैशे छाप."

"मगे तुमच्यापैकी कोण तरी जावन इचारा."

"आमी कित्या?" गंगाराम म्हणाला. "चोर कोण म्हणालो? मी? धोंडू? आमका तर दिसलासुद्धा नव्हता, मास्तर. आमी आपले हरलेलो हात मोजीत व्हतो. तू म्हणालंस, तूच जा."

बोट धक्क्याला लागली. गुरुदास शेवटी उतरला.

गुरुदासने दोघांना जे सांगितलं

तो रविवारी संध्याकाळी श्रीपादकडे गेला, आणि सोमवारी दुपारी धोंडूच्या पडवीत येऊन बसला.

"टीव्ही मागलंय नाय," तो म्हणाला.

"मागलंस नाय? मगे गेल्लंस कित्या? आरती करूक?" धोंडू म्हणाला.

"वाटेत माका तो हात आठवलो. पानानपान आठवून बगलंय. ती बदामाची सत्ती श्रीपादान टाकूक नव्हती. गंगारामान टाकलेली."

"मी?" गंगाराम म्हणाला.

"तू. श्रीपादाकडे बदाम नव्हतोच. तेना चौकट मारली ती बरोबर मारली. मी चुकलंय."

धोंडूने तोंडातलं पान थुंकायला उठता उठता परत बसकण मारली. "तू चुकलंस?"

"चुकलंय."

"मास्तर, तू?"

"किती वेळा सांगू? तेका जावन सांगून इलंय. तो उद्या येतलो. आणि आमका मशीन नको."

गंगारामने चहाचा कप तोंडाला लावला. त्याने ती सत्ती टाकली नव्हती. टाकली असती तरी त्याला आठवलं नसतं, ही गोष्ट वेगळी. पण गुरुदास चुकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आपल्या तिकिटांच्या पेटीच्या वजनाइतकं.

"ता उडयो मारणारा बरा व्हता पण," धोंडू म्हणाला, आणि थुंकायला गेला.

जे घडलं

रविवारची दिवेलागण झाली होती. श्रीपादच्या ओटीवर टीव्ही चालू होता आणि त्याच्या अगदी पुढ्यात, वीतभर अंतरावर तोंड नेऊन, श्रीपाद बसला होता. गाणं चाललं होतं. गाणं स्वच्छ ऐकू येत होतं.

चित्र नव्हतं. वाऱ्याने अँटेना फिरली असावी. पडद्यावर नुसत्या मुंग्या, पांढऱ्या-काळ्या, भरकटलेल्या.

गुरुदास खळ्यात उभा राहिला. श्रीपाद मान हलवत त्या मुंग्यांकडे बघत होता. मध्येच हसलाही.

"कोण ता?" श्रीपादने वळून विचारलं. गुरुदास दिव्याच्या उजेडातच उभा होता.

"मी."

आवाज ओळखला. चेहरा कठोर झाला. तरी तो 'चालता हो' म्हणाला नाही. दारात आलेल्याला तसं म्हणायची त्या घरात रीत नव्हती. "बस," म्हणाला. "पिक्चर बग. आज टीव्ही कसो साफ दिसता."

स्वयंपाकघराच्या दारात श्रीपादची बायको सत्यवती आली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, मग गुरुदासकडे. तिने हात जोडले. नमस्कारासाठी नव्हे. गप्प राहा म्हणून.

गुरुदास बसला. त्याच्या डोक्यात तो सगळा हात परत पडू लागला. बदाम पडला, श्रीपादने चौकट मारली. बदाम तांबडा. चौकट तांबडी. आणि मग ते डोळे बारीक करून सत्तीकडे बघणं, जे गुरुदासने त्या दिवशी नाटक समजलं होतं.

"मशीन घेतास म्हणे," श्रीपाद म्हणाला. "वाडीभर झाला हा. चाय पिता काय ता?"

"नाय."

"पान खाता?"

"नाय."

"चोरता काय?"

"तेका चोरूक येनाच नाय."

"मगे बरो भिडू गावलो तुका," श्रीपाद म्हणाला. गाणं संपलं, दुसरं लागलं. "आणि टीव्ही होयो तुका. म्हणान इलंस. व्हर. आमचो झील मुंबयक, तो काय बगूक येता? बातम्यांका तेवडो हाडून ठेव."

टीव्ही मिळाला होता. चार हजारांत बसणारा, न चुकणारा, बिनभावकीचा भिडू आता पुरा झाला होता. गुरुदासने ओटीच्या कडेवरून हात फिरवला. उठून जावं आणि कामगिरी फत्ते झाल्याचं सांगावं, एवढंच उरलं होतं.

"श्रीपाद," तो म्हणाला, "त्या दिवशी मी पानां चुकलंय."

श्रीपादने मान वळवली. डोळे गुरुदासच्या कानाच्या जरा बाहेर, भिंतीवर कुठेतरी लागले होते.

"तू?"

"होय."

"मेल्या, तू जल्मात कदी चुकलंस नाय."

"चुकलंय म्हणतंय ना."

पडद्यावरच्या मुंग्या तशाच धावत होत्या. श्रीपादने तोंड परत पडद्याकडे वळवलं. त्याला स्वतःला ठाऊक होतं त्या दिवशी कोण बरोबर होतं. घरी येऊन, घरच्या जोडातलं एकेक पान डोळ्यांशी धरून त्याने ते ताडून पाहिलं असणार. आणि आता गुरुदासला काय ठाऊक आहे, तेही त्याला कळलं असावं, कारण त्याचा आवाज बदलला.

"चोर म्हणालंस ता चौघांत म्हणालंस," तो म्हणाला. "चुकलंय म्हणाचा ताय चौघांत. हयसर कानात नको."

"म्हणतंय."

"वाडी ऐकतली. तुजी मास्तरकी जायत."

"जावंदे."

गुरुदास उठला. सत्यवती त्याला सोडायला बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत, आली आणि हळू आवाजात एका दमात बोलली.

"दोन वर्सां झाली, मास्तरांनू. काचबिंदू. मिरजेक जावन इलों. गेलली नजर परत येवची नाय म्हणाले. आसा ती थेंबाथेंबान जातली. कोणाक सांगूक देणत नाय. चोर म्हणतत तर म्हणूदे, म्हणाले, पण आंधळो म्हणान हात धरूक कोण येवक नको."

"मी कायच ऐकूक नाय," गुरुदास म्हणाला, आणि अंधारात वाट उतरू लागला. अँटेना सरळ करून द्यायला हवी होती, हे त्याला घरी पोचल्यावर सुचलं. मग वाटलं, नको. गाणं तर ऐकू येत होतं.

पडवीत

मंगळवारी तीनला पडवी भरली होती. खबर लागलेली. भावकीतली पाचसहा माणसं खांबांना टेकून, बायका वाटेवर कळश्या घेऊन, काही कारण नसताना उभ्या.

श्रीपाद आला. पायरीवर जरा अडखळला, पण तशी पायरी सगळ्यांनाच अडखळवते. आपल्या पाटावर बसला.

गुरुदास उभा राहिला. आयुष्यभर वर्गापुढे उभा राहिलेला माणूस. पण त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"दिवाळीनंतर मी श्रीपादाक चोर म्हणालंय," तो म्हणाला. "तेना पान चोरूक नव्हता. माजीच मोजणी चुकली. चूक माजी."

"मास्तराची मोजणी चुकली!" खांबाशी कोणीतरी म्हणालं आणि हशा उठला. "आमका वीसपर्यंतचे पाढे ह्येनीच शिकवले. आता तेय परत तपासूक होये!"

गुरुदास ऐकून घेत राहिला. कान तापले होते. विमला वाटेवर त्या बायकांत होती. ती हसली नाही.

"वाट पानां," श्रीपाद म्हणाला.

पानं वाटली गेली. बघे हळूहळू पांगले. बघण्यासारखं संपलं होतं. श्रीपादने आपली तेरा पानं नाकाशी नेऊन एकेक लावली. फार वेळ लागला. धोंडूने तोंड उघडलं, आणि गंगारामने समोरून त्याच्यावर डोळे वटारले.

"एक गोष्ट," गुरुदास म्हणाला. "आता माजा लक्ष रवना नाय, बगितलास मगाशी. तर सगळ्यांनी पान टाकताना बोलान टाका. नायतर मी परत चुकतलंय."

"म्हातारो झालंस, मास्तर," श्रीपाद म्हणाला.

"झालंय."

"बोलान टाकूया," श्रीपाद इतर दोघांना म्हणाला, मोठ्या मनाने. "मास्तरासाठी."

पहिले दोन हात काळ्या पानांचे गेले. इस्पिक अठ्ठी, इस्पिक राजा, किलवर गुलाम. आवाज पडवीत घुमत होते, शाळेतल्यासारखे. तिसऱ्या हाताला पहिलं पान धोंडूचं.

"चौकट सत्ती," धोंडू म्हणाला.

श्रीपादची पाळी. त्याने एक पान काढलं, डोळ्यांशी धरलं, जरा तिरकं केलं, उजेडाकडे नेलं.

"चौकट नव्वी," तो म्हणाला, आणि पान टाकलं.

पान बदामाचं होतं.

ते पडवीच्या मध्यावर, सत्तीशेजारी, उताणं पडलं होतं. धोंडूने ते पाहिलं. गंगारामने पाहिलं. गंगारामने मग गुरुदासकडे पाहिलं, आणि सोमवारपासून जो हिशेब त्याला लागत नव्हता तो बहुतेक त्याच क्षणी लागला. धोंडूला जरा जास्त वेळ लागला. त्याची बोटं त्या पानाकडे गेली, वर थांबली, आणि परत आली.

"चौकट तिर्री," गंगाराम म्हणाला आणि खरीखुरी तिर्री टाकली.

आता गुरुदास. त्याच्या डोक्यातला पट नेहमीसारखा उघडा होता. त्या पटावर प्रत्येक रंगाची तेरा पानं असत. पहिल्यापासून तेराच असत. त्याने बदाम एकने कमी केले. चौकट एकने वाढवली. आजच्या जोडात चौकटीची चौदा पानं, बदामाची बारा. खरी चौकट नव्वी त्याच्या स्वतःच्याच हातात होती. ती शेवटपर्यंत खाली ठेवून दुसरं काही खेळावं लागणार होतं. अवघड होतं, पण जमण्यासारखं होतं.

"मास्तर, झोपलंस काय?" धोंडू ओरडला. "नव्वी पडली हा. चौकटीची नव्वी. श्रीपादाची. मोठा पान टाकतस की हात सोडतस?"

"चौकट पंजी," गुरुदास म्हणाला. "हात श्रीपादाचो."

श्रीपादने चाचपत चारही पानं गोळा केली, पालथी केली, आणि खोकला.